सभागृहांच्या शोधात : अथेन्स ते तेऑस

खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या सभा विभागात मी २९ वर्षं काम केलं. विषयपत्रिका काढायची, सभासदांना नोटिसा पोचल्या की नाही ते बघायचं, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि मग त्याचं इतिवृत्त तयार करायचं. निवृत्त झाल्यावर कुठे जायचं, हे माझं कधीच ठरलं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या शहरांनी आपले ठराव दगडावर कोरून ठेवले, त्यांची सभागृहं मला डोळ्यांनी बघायची होती. जर्मनीत शिकणारी माझी भाची सोबत यायला तयार झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मावशी-भाची अथेन्सच्या विमानतळावर भेटलो.

पहिला दिवस : अथेन्स

सामान हॉटेलात टाकून संध्याकाळी सिंटग्मा चौकात गेलो. समोर ग्रीसची संसद. तिला ग्रीक लोक 'वूली' म्हणतात. प्राचीन अथेन्समध्ये ५०० नागरिकांची सभा होती, तिचं नाव 'बूले'. शब्द तोच, उच्चार काळानं बदललेला. कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ तीळ लावलेली पावाची खरपूस कडी विकत होते, कुलूरी. दोन घेतली आणि खात खात परतलो.

रात्री खानावळीत सुक्या बाकल्याची उसळ मिळाली, वर ऑलिव्हचं तेल आणि कच्चा कांदा. अथेन्सच्या त्या ५०० सभासदांची निवड मतदानानं होत नसे, सोडत काढून होत असे, आणि ती सोडत याच बाकल्याच्या दाण्यांनी निघे. म्हणून बूलेला 'बाकल्यानं निवडलेली सभा' असंही म्हणत. आमच्याकडे प्रभागांच्या आरक्षणाची सोडत शाळकरी पोराच्या हातून काचेच्या भांड्यातून चिठ्ठ्या काढून होते. मी ती कितीतरी वेळा मांडली आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, म्हणजे तू बरोबर जागी आलीस."

शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. 'लादेरा' असं सांगितलं की तेलात शिजवलेल्या भाज्या येतात. भेंडी, घेवडा, वांगं, सगळं मिळतं.

दुसरा दिवस : आगोरा

आगोरा म्हणजे प्राचीन अथेन्सचा मुख्य चौक. सकाळी दार उघडताच आत शिरलो. उशिरा गेलात तर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावं लागतं. संग्रहालय याच तिकिटात आहे. बूट चांगल्या पकडीचे घाला, संगमरवर झिजून गुळगुळीत झाला आहे.

बहुतेक लोक हेफायस्टसच्या देवळाकडे वळतात. ते देखणं आहेच, पण मला त्या टेकडीच्या पायथ्याशी जायचं होतं. तिथे जमिनीवर एका गोल इमारतीची आखणी उरली आहे. व्यास जेमतेम १८ मीटर. हा थोलॉस. शेजारी बूलेचं जुनं सभागृह, मागे नवं. दोन्हीकडे पायाच्या दगडांपलीकडे फारसं काही शिल्लक नाही.

इ.स.पू. ५०८ मध्ये क्लाइस्थेनीस या पुढाऱ्यानं अथेन्सच्या नागरिकांचे १० गट केले. प्रत्येक गटात शहरातले, किनाऱ्यावरचे आणि आतल्या भागातले लोक मुद्दाम एकत्र घातले. गटामागे ५० असे ५०० सभासद. वय ३० पूर्ण हवं आणि आयुष्यात दोनदाच ही संधी. जागा गावांच्या आकारानुसार ठरलेल्या होत्या. अखार्नाय या मोठ्या गावाच्या वाट्याला २२ आणि लहान खेड्यांना एक-दोन. वर्षाचेही १० भाग, आणि त्या त्या भागात एका गटाचे ५० जण 'प्रितानेस' म्हणून कारभार बघत. सभा बोलावणं आणि विषय लावणं त्यांच्याकडे. जेवण थोलॉसमध्ये, शहराच्या खर्चानं. इ.स.पू. चौथ्या शतकात सभासदाला दिवसाला ५ ओबोल (छोटी नाणी) भत्ता होता, प्रितानेसला जेवणाचा एक ओबोल जास्त.

या ५० जणांतून रोज एक अध्यक्ष सोडतीनं निघे. एका रात्री आणि एका दिवसापुरता. तेवढ्या काळात खजिन्याच्या आणि दप्तराच्या किल्ल्या आणि शहराचा शिक्का त्याच्या ताब्यात. पन्नासांतला तिसरा हिस्सा त्याच्यासोबत इथेच झोपे. आणि हे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच. वर्षाला साडेतीनशेच्या वर माणसं अशी. कोणी कुंभार असेल, कोणी शेतकरी. आमच्या कार्यालयात शिक्का आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहते यावरून सगळं चालतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. एका रात्रीपुरती शहराची किल्ली उशाशी घेऊन झोपलेला तो माणूस मला त्या गोलाच्या काठावर उभं राहून अगदी स्पष्ट दिसला. त्याला झोप लागली असेल का?

इ.स.पू. ४०६ मध्ये सॉक्रेटिस प्रितानेस होता. आर्गिनूसायची आरमारी लढाई जिंकूनही बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींवर खटला उभा राहिला, आणि सगळ्यांचा निकाल एकाच मतदानात लावा, असा प्रस्ताव आला. ते कायद्याविरुद्ध होतं. बाकीचे प्रितानेस जमावाला घाबरले, सॉक्रेटिसनं मात्र ठराव मतास टाकायला नकार दिला. मतदान तरीही झालंच आणि सहा सेनापतींना मृत्युदंड मिळाला. शहराला नंतर पश्चात्ताप झाला. पुढे ४०४ मध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली. तिनं याच थोलॉसमध्ये सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना बोलावून सालामिस बेटावरच्या लेऑन नावाच्या माणसाला पकडून आणण्याचा हुकूम दिला. चौघं सालामिसला गेले. सॉक्रेटिस इथून निघून घरी गेला. "ठराव मतास टाकता येणार नाही" हे वाक्य भरल्या सभेत उच्चारायला किती बळ लागतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

दुपारी संग्रहालयात. सोडतीचं यंत्र इथे आहे, क्लेरोटेरिऑन. दगडी फळीवर बारीक खाचांच्या रांगाच रांगा. प्रत्येकानं आपल्या नावाची पट्टी खाचेत अडकवायची. बाजूच्या नळीत पांढऱ्या-काळ्या गोट्या मिसळून टाकलेल्या. आडव्या रांगेमागे एक गोटी पडे. पांढरी आली तर ती रांग निवडली, काळी आली तर अख्खी रांग घरी. वशिल्याला जागाच नाही. मी त्याच्यासमोर अर्धा तास होते.

पलीकडे मातीचं पाणघड्याळ. एका भाषणाची वेळ मोजायला, सुमारे सहा मिनिटांचं. आणि खापऱ्या. ज्याचं वजन शहराला धोक्याचं वाटे, त्याचं नाव खापरीवर कोरून लोक त्याला १० वर्षांसाठी शहराबाहेर पाठवत. अक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत अशा १९० खापऱ्या सापडल्या, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस या बड्या नेत्याचं नाव, पण हस्ताक्षर जेमतेम १४ जणांचं. कोणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवल्या होत्या. दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसाला सारखं अक्षर लगेच खटकतं, ते तिथल्या अभ्यासकांनाही खटकलं.

एका शिळेपाशी भाचीनं हाक मारली. इ.स.पू. ३३७-३३६ चा कायदा. वरच्या बाजूला लोकशाही नावाची स्त्री बसलेल्या जनतेला मुकुट घालते आहे. खाली मजकूर : कोणी लोकशाही उलथून जुलूमशाही आणली तर त्याला ठार मारणारा निर्दोष. शेवटी तो दगड कुठे उभा करायचा आणि कोरणावळीचे २० द्राख्मा कोणी द्यायचे, हेही लिहिलं आहे. इतक्या मोठ्या प्रतिज्ञेखाली खर्चाची मंजुरी! मला फार बरं वाटलं. खर्चाची तरतूद नसलेला ठराव कपाटातच राहतो.

तिसरा दिवस : प्निक्स आणि शिलालेख

पहाटे प्निक्स टेकडीवर. तिकीट नाही, माणूसही नाही. खडकात कोरलेला व्यासपीठाचा चौथरा आणि समोर उतरती मोकळी जागा. इथे सर्व नागरिकांची आमसभा, वर्षाला ४० बैठका. बूले आधी विषय तयार करी, निर्णय इथे होई. काही निर्णयांना ६,००० मतं लागत. लोक आगोरात गप्पा मारत रेंगाळत, तेव्हा लाल रंगात भिजवलेला दोर दोन्हीकडून धरून त्यांना इकडे हाकत. कपड्याला रंग लागला की उशीर केल्याचं उघड. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभा मी मोजलेल्या नाहीत, म्हणून हा दोर मला परका वाटला नाही. सुरुवातीला दवंडीवाला विचारी, "कोणाला बोलायचं आहे?" उत्तर द्यायला हात वर करणारे सगळे पुरुष. बायका नाहीत, परगावाहून येऊन स्थायिक झालेले नाहीत, गुलाम नाहीत. भाची चौथऱ्याच्या कठड्याशी बराच वेळ गप्प उभी होती.

तिथून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या दक्षिण बाजूला, तोसित्सा रस्त्यावर वेगळं दार असलेलं शिलालेख संग्रहालय. अथेन्सला जाणाऱ्या मराठी माणसांना मी हे आवर्जून सांगेन. आम्ही होतो तोवर दुसरं कोणी आलं नाही. अक्षरं एकाखाली एक, चौकटीच्या वहीत लिहावीत तशी. आणि मथळा नेहमीचा : बूले आणि जनता यांना मान्य झालं, अमुक गट कार्यभारावर होता, अमुक सचिव होता, अमुक अध्यक्ष होता, अमुकानं मांडलं. मग ठराव. कधीकधी त्याखाली दुसऱ्याचं नाव आणि "बाकी सगळं बूलेनं म्हटल्याप्रमाणे, परंतु" अशी सुरुवात. म्हणजे उपसूचना! सूचक, अनुमोदक, उपसूचना, बहुमतानं मंजूर हे मी हजारो वेळा लिहिलं. तो साचा दगडावर समोर बघून माझे डोळे भरून आले.

मथळ्यातला सचिव नागरिक असे आणि ठरावीक मुदतीनंतर बदले. मूळ कागद सांभाळायचं काम मात्र शहराच्या मालकीच्या गुलामांकडे होतं. सभासद वर्षाला बदलत, हे तिथेच राहत. कुठला ठराव कुठे आहे, मागच्या वर्षी काय ठरलं होतं, हे त्यांनाच ठाऊक. आगोरात चांदीची नाणी पारखायलाही असाच एक गुलाम बसे. इ.स.पू. ३७५ च्या कायद्यानुसार त्यानं काम चुकवलं तर ५० फटके. पाचशे नागरिकांना पाळीपाळीनं कारभार करता आला, कारण दप्तरात न बदलणारं कोणीतरी बसलेलं होतं. ठरावाच्या मथळ्यात त्याचं नाव नाही. अथेन्सची स्तुती मी मनापासून करते, पण यापुढे ही माणसं वगळून करणार नाही.

चौथा-पाचवा दिवस : सामोस

विमानानं सामोस बेटावर, तिथून बोटीनं तुर्कस्तानात असा बेत होता. वारा सुटला आणि बंदरावरून बोटी बंद झाल्या. या बंदीला ग्रीकमध्ये 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. बेटांवर जाणाऱ्यानं हा शब्द पाठ करावा आणि एक दिवस हाताशी ठेवावा. आमच्या घरमालकीणबाईंनी मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत ठेवलेले हरभरे वाढले, कांदा आणि तमालपत्र घातलेले. बाईंचे यजमान पूर्वी गावच्या पंचायतीवर होते. भाची दुभाषी. बाई म्हणाल्या, "सभा संपली की सगळे इथेच जेवायला यायचे. खरी सभा माझ्या स्वयंपाकघरात व्हायची."

वाऱ्याच्या त्या दिवशी मी भाचीला मायआंद्रिऑसची हकिगत सांगितली. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं ती लिहून ठेवली आहे. सामोसचा हुकूमशहा पोलिक्रातीस इ.स.पू. ५२२ च्या सुमारास मारला गेला आणि सत्ता त्याच्या या कारभाऱ्याच्या हाती आली. त्यानं लोकांची सभा भरवून सांगितलं, की मी सत्ता सोडतो, सगळे समान. फक्त मला खजिन्यातून ६ टॅलंट एवढी मोठी रक्कम आणि एक पुरोहितपद द्या. तेव्हा तेलेसार्खॉस नावाचा गृहस्थ उठला : तू राज्य करायच्या लायकीचा नाहीसच, तू हाताळलेल्या पैशांचा हिशेब आधी दे. मायआंद्रिऑस किल्ल्यावर गेला, हिशेब दाखवायच्या मिषानं एकेकाला बोलावलं आणि कैद केलं. सामोसला स्वातंत्र्य मिळता मिळता गेलं. अथेन्समध्ये पुढे पद सोडताना प्रत्येकाचा हिशेब तपासला जाई, त्याशिवाय सुटका नसे. लेखापरीक्षण ही कंटाळवाणी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही हकिगत वाचावी.

सहावा दिवस : प्रिएने

वारा पडला आणि सकाळच्या बोटीनं कुशादासीला उतरलो. शेंगेन व्हिसा चालू असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. परत ग्रीसला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा.

सोकेच्या मैदानात शिरलो आणि मी गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना कापूस, बोंडं फुटून पांढरं झालेलं शिवार. ऑक्टोबरात आमच्याकडेही असंच दिसतं. ड्रायव्हरनं दोन बोंडं तोडून हातात दिली. हे सगळं मैदान पूर्वी समुद्र होतं. मेंडेरेस नदीनं गाळ आणून तो भरून काढला आणि बंदरं कोरडी पडली.

प्रिएने डोंगराच्या अंगावर आहे. चढ आहे, पाणी बरोबर घ्या. वर पाइनची झाडं आणि वाऱ्याचा आवाज. गल्ल्या काटकोनात आखलेल्या. अथीनाच्या देवळाचे पाच खांब उभे आहेत आणि ते देऊळ सिकंदरानं अर्पण केलं होतं. पण मी सरळ सभागृह गाठलं.

इतकं शाबूत सभागृह मी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. तीन बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये चौकोनी मोकळी जागा, तिथे वेदी. जवळपास ६४० माणसं बसतील. बांधलं इ.स.पू. २०० च्या आसपास. कुठल्याही पायरीवर बसा, समोरच्याचा चेहरा दिसतो. भाषण करणारा उंचावर नाही, खाली खळग्यात आहे, आणि शेकडो डोळे त्याच्यावर. शेजारी प्रितानेऑन, जिथे शहराची चूल अखंड पेटती असे. चूल आणि सभा भिंतीला भिंत लावून! सामोसच्या बाईंचं बोलणं आठवलं.

इथे आणखी एक बाई आहे. फिली, अपोलोनिऑसची मुलगी. इ.स.पू. पहिल्या शतकात ती या शहराची मुकुटधारी अधिकारी झाली, या पदावरची पहिली स्त्री. तिनं स्वतःच्या पैशानं शहराला पाण्याची टाकी आणि नळ बांधून दिले, असं तिचा शिलालेख सांगतो. श्रीमंत घरची होती म्हणून तिला ते पद मिळालं, सोडतीनं नव्हे. सर्वांना पाळी मिळण्याचा काळ तोवर मागे पडत चालला होता. तरीही आमच्या सभांमध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय पाणीपुरवठ्याचा असतो आणि गावातल्या बायका हंडे घेऊन पालिकेच्या दारात येतात, त्यामुळे फिलीला मी मनोमन नमस्कार केला.

खाली ग्युल्लुबाहचे गावात पालेभाजी भरलेली गोझलेमे खाल्ली, आपल्या पराठ्याच्या जवळची. शेजारच्या दुकानातून अंजिरं घेतली. आयदिनची अंजिरं घेतल्याशिवाय निघू नका.

सातवा दिवस : मिलेटस

मिलेटसला बस जवळजवळ नाही, गाडी ठरवून जा. अंगाला डासांचं मलम लावा. थिएटर प्रचंड आहे. सभागृह इ.स.पू. १७५ ते १६४ दरम्यानचं, अर्धवर्तुळाकार, हजारावर माणसांचं, पुढे खांबांचं अंगण. तिमार्खॉस आणि हेराक्लायडीस या दोघा भावांनी ते राजा चौथ्या अँटिओकसच्या वतीनं बांधलं आणि तसं कोरून ठेवलं. भव्य आहे, पण राजाच्या दरबारातल्या माणसांनी दिलेल्या सभागृहात राजाविरुद्ध कोण बोललं असेल, हा विचार पाठ सोडेना. मला प्रिएनेच जवळचं वाटलं.

आठवा दिवस : इफेसस आणि तेऑस

इफेससला गर्दी फार. तिथल्या थिएटरात मी एकाच माणसासाठी गेले. चांदीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांनी ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलच्या प्रचाराविरुद्ध दंगा केला, जमाव इथे घुसला आणि दोन तास घोषणा चालल्या. तेव्हा नगराचा सचिव उभा राहिला. तक्रार असेल तर न्यायालय आहे, आणखी काही असेल तर त्याचा निकाल कायदेशीर सभेत लागेल, असं सांगून त्यानं जमाव घरी पाठवला. बायबलमध्ये हा प्रसंग आहे, सचिवाचं नाव मात्र नाही.

दुपारी सेफेरीहिसारकडे. रस्त्याकडेला संत्र्यांच्या बागा, फळं अजून हिरवी. तेऑसला आम्ही दोघी आणि पहारेकरी, बस्स. जुनाट ऑलिव्हच्या झाडांमधून पायवाट सभागृहापर्यंत जाते. पर्शियनांनी हा किनारा जिंकण्यापूर्वी मिलेटसच्या थेलीस या तत्त्वज्ञानं सगळ्या आयोनियाला, म्हणजे या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांना सुचवलं होतं, की आपलं सर्वांचं एकच सभागृह असावं आणि ते मध्यावर, तेऑसला असावं. कोणी ऐकलं नाही.

याच शहरानं इ.स.पू. ४७० च्या सुमारास दगडावर शाप कोरले. धान्य येऊ न देणाऱ्याला शाप. दगडावरची अक्षरं फोडणाऱ्याला शाप. आणि अधिकाऱ्यांनी सांगूनही जो लेखनिक हे लिहिलेलं लोकांना वाचून दाखवणार नाही, त्यालाही शाप. लिहून ठेवणं पुरेसं नव्हतं, मोठ्यानं वाचणं हे कर्तव्य होतं.

भाची वरच्या पायरीवर जाऊन बसली होती. "मावशी, वाच ना काहीतरी."

हातात कागद नव्हता. मी मधल्या फरशीवर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

पहारेकरी झाडाखालून उठून बघायला लागला. वरून भाचीनं हात वर केला.